ताऱ्याची वाटेतली घट

पुंडलिकरावांचं तोंड मोठं आहे हे सगळ्या पांढुर्ण्याला ठाऊक होतं. मन त्याहून मोठं होतं, पण तिथवर कुणी पोचायचं नाही, कारण तोंडच आधी आडवं यायचं. संत्र्याच्या उभ्या बागा घ्यायच्या, फळ तोडून, निवडून वखारीत आणायचं आणि ट्रक भरून लांबच्या बाजारांत पाठवायचं, हा त्यांचा धंदा. माल देताना मापावर चार फळं उगाच जास्त टाकायची त्यांना खोड होती. का, तर घेणाऱ्यानं घरी जाऊन नाव काढावं. अशा माणसाला "तुमच्याकडून आम्हाला काही नको" असं कुणी म्हटलं तर ते शिवी दिल्यासारखं लागतं. आणि नेमकं तेच त्यांना पोरीच्या साक्षगंधात ऐकावं लागलं.

साक्षगंध वखारीतच होतं. दसरा नुकताच झालेला, आंबिया बहाराच्या तोडणीचे दिवस, वर केशरी ताडपत्री आणि खाली संत्र्याच्या वासात बसलेली पाहुणेमंडळी. पोरगी हिमानी, एकुलती एक, गावातल्या शाळेत शिकवायची. ती हसली की रस्त्यावरून जाणारा माणूस वळून बघायचा, आणि पुंडलिकरावांना त्या हसण्याचा असा काही अभिमान की गिऱ्हाइकाशी चाललेला सौदा थांबवून ते म्हणायचे, "ते ऐकलं? ते आमची पोरगी." नवरा मुलगा सौरभ सौंसरचा, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. त्याचे वडील गुणवंतराव, तेही संत्र्याचेच व्यापारी. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि दोन इवाई एकाच धंद्यातले असले की त्यांना बाहेरच्या वैऱ्याची गरज उरत नाही.

सुरुवात पुंडलिकरावांनीच केली. पांढुर्णा जिल्हा होऊन सौंसर त्यात गेल्यापासून त्यांना सौंसरचा माणूस दिसला की राहवत नसे. पानाचं तबक पुढे सरकवत ते म्हणाले, "आता तुम्ही आमच्या जिल्ह्यात आले, इवाई. काही अडलं-नडलं त सांगत जा."

सौंसरच्या माणसाला हे पांढुर्ण्याच्या माणसाकडून ऐकताना किती झोंबतं, ते सौंसरलाच जाऊन विचारावं. गुणवंतराव सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "तुमची पोरगी चांगली आहे, तेवढी द्या. बाकी तुमच्याकडून आम्हाले काही नाही पाह्यजे."

बायका म्हणाल्या, किती भली माणसं. पुंडलिकरावांच्या बायकोच्या, कलाबाईच्या, डोळ्यांत पाणी आलं. पुंडलिकरावांनी मात्र पानाचं तबक मागे ओढलं. ज्याचे ट्रक पार बंगालपर्यंत जातात त्याच्याकडून काही नको म्हणजे काय?

"काही नाही कसं?" ते उठून उभे राहिले. "मी माह्या पोरीले आकाशातला तारा देतो."

लोक हसले. असली वाक्यं लग्नघरी हसण्यासाठीच असतात. गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "कोनता?"

दिवेलागण झाली होती. दोघं ताडपत्रीच्या कडेपाशी जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग गुणवंतरावांनी तारा निवडायला जो वेळ घेतला तेवढा त्यांनी सून निवडायलाही घेतला नव्हता. खाली क्षितिजाजवळ ज्येष्ठा तांबूस चमकत होती, ती पुंडलिकरावांनी दाखवली. गुणवंतराव म्हणाले, "हा जास्त पिकला. पोचेपर्यंत सडन." दुसरा दाखवला तर म्हणाले, "हा लुकलुकते. अशा मालाचा भरोसा नाही." शेवटी ज्येष्ठेच्या वर, जरा उजवीकडे, एक मध्यम, पांढरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तारा त्यांच्या मनात भरला. त्यांनी मान वाकडी करून त्याला दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"हा. चोख आहे. डाग नाही."

जुन्या बाजारात सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. वरून कापड, आत बोटांनी भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला. भाव असा काही नव्हताच, म्हणून दोघांनी आत नुसते पंजे दाबले, पण असे दाबले की जेवताना पुंडलिकरावांना घास नीट धरता येईना. हिमानी हे सगळं बघून खळखळून हसली. मग सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि तारा सौंसरचा झाला.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं जावयानं.

गुणवंतरावांचा थोरला जावई गौतम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. दिवाळीच्या आधी तो बायकोला घेऊन सासुरवाडीला आला. जावई सासुरवाडीला आला की त्याला तीन गोष्टी मिळतात: पाट, तूप आणि कुणीही मध्ये न बोलता ऐकून घेणं. गुणवंतरावांनी त्याला संध्याकाळी गच्चीवर नेऊन सुनेचा तारा दाखवला. गौतम एकदम खूश झाला.

"मामाजी, तुमची नजर मानली. हा साधा तारा नाही. सूर्याच्या वीसपट वजनाचा आहे, आणि इतका तापलेला की खरा रंग निळा. चांगला झगझगीत निळा."

"पांढरा दिसते ना?"

"दिसतो पांढरा. कारण मध्ये धूळ आहे. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे काजळीहून बारीक धूळ तरंगत असते. निळा उजेड त्या धुळीत जास्त अडकतो, इकडेतिकडे फेकला जातो. तांबडा त्यातल्या त्यात निसटून येतो. संध्याकाळी रस्त्यावरून ट्रक गेला की धुळीतून सूर्य कसा लाल दिसतो, तसलाच प्रकार. म्हणून आपल्यापर्यंत येतायेता ताऱ्याचा रंग तांबड्याकडे झुकतो आणि उजेडही कमी होतो. ह्याचा तर निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच जातो. धूळ नसती ना, तर हा आकाशातल्या ठळक ताऱ्यांत मोजला असता."

गौतमनं हे कौतुकानं सांगितलं. पण गुणवंतरावांचा जन्म संत्र्याच्या धंद्यात गेलेला. त्यांच्या कानांनी त्यातून नेमकं एकच वाक्य उचललं, ते म्हणजे निम्म्याहून जास्त माल वाटेत जातो. ते म्हणाले, "म्हनजे घट आहे."

घट म्हणजे काय, ते पांढुर्णा-सौंसरकडच्या कुठल्याही माणसाला समजावावं लागत नाही. ट्रक इथून भरून निघतो, तिथे पोचेपर्यंत काही फळ दबतं, काही सुकतं, काही सडतं. ही वाटेतली घट कुणी सोसायची, हे माल हलण्याआधी ठरवायचं असतं. जागेवरचा सौदा असेल तर घेणाऱ्यानं, पोच सौदा असेल तर देणाऱ्यानं. हे ठरवायचं राहून गेलं तर सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. आणि ताऱ्याच्या सौद्यात नेमकं हेच राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव तिगावला एका बागेच्या बांधावर उभे राहून फळं मोजत असताना फोन आला.

"इवाई, माल कमी भरला."

"कोनता माल?"

"तारा. अर्ध्याच्या वर घट आहे अन् रंग बी उतरला. आमचे जावई सांगून राहिले, माल मुळात निळा होता."

पुंडलिकरावांची मोजणी चुकली. बागवाला समोरच होता, म्हणून त्यांनी आवाज दाबला. "तुम्ही सोता पाहून घेतला ना? मान वाकडी करकरून पाह्यला."

"पाह्यला तो इथं आलेला. भरला किती होता ते तुम्ही सांगतलं का? आजवर ताडपत्रीखाली कच्चं फळ पिकलेलं दाखवनारे लय पाह्यले. चोख निळा माल मळका करून देनारे तुम्ही पहिले."

हे लागलं. केशरी ताडपत्रीखाली फळ जास्त रंगलेलं दिसतं, म्हणून प्रत्येक वखारीवर ती असते आणि प्रत्येक शहाणा घेणारा फळ उचलून उन्हात नेऊन बघतो. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच कुणी तोंडावर बोलत नाही. पुंडलिकरावांनी विचारलं, "मंग काय म्हनता तुम्ही?"

"घट कोनाकडं ते ठरू द्या. तेच्या शिवाय पत्रिका छापाची नाही."

आता कुणीही म्हणेल की एकानं "सोसली घट" म्हणून विषय मिटवायचा. तारा काय, घट काय, कुणाच्या घरात कुणी काय भरणार होतं? पण तसं म्हणणारा माणूस व्यापारी नाही. सौंसरच्या माणसासमोर एकदा घट कबूल केली की उद्या बाजारात लोक म्हणणार, पुंडलिकरावांचा माल वाटेत निम्मा होतो. शिवाय त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण चोख तारा दिला आहे. स्वतःच्या मोठ्या तोंडावर सगळ्यात जास्त विश्वास त्यांचा स्वतःचाच होता.

घरी कलाबाईनं ऐकून घेतलं आणि ती कणिक तशीच सोडून बाहेर आली. "पोरीचं लगन एका ताऱ्यापायी मोडून राहिले तुम्ही."

"मी कुठं मोडून राहिलो? तो मोडून राहिला."

"तिचं हसनं बंद झालं, ते दिसते का?"

दिसत होतं. खरं म्हणजे ऐकू येत नव्हतं. हिमानी शाळेतून यायची, जेवायची, वह्या तपासायची. तिला सौरभ मनापासून आवडला होता आणि बापाला ते माहीत होतं. वखारीत बसल्याबसल्या त्यांचे कान आतल्या घराकडे लागलेले असायचे आणि तिकडून नुसता भांड्यांचा आवाज यायचा. ह्या माणसाला जगात दुसऱ्या कशाचीच भीती नव्हती, त्या शांततेची मात्र वाटायला लागली. पोरगी इथे असतानाच अशी झाली, तर तिकडे गेल्यावर काय, असं मनात यायचं, आणि मग ते उगाच हमालांवर ओरडायचे.

त्यांनी उपाय करून पाहिले. बदली तारा देऊ केला, कुठलाही, वाटलं तर दोन. गुणवंतराव म्हणाले, मी सौदा फिरवत नाही. मग पुंडलिकरावांना सुचलं की धूळ सौंसरची असणार. पांढुर्ण्याहून माल पुरा निघतो, पुढे रस्त्यात कुठेतरी मळतो. हे सिद्ध करायचं तर दोन्ही गावांहून एकाच संध्याकाळी तारा बघायला हवा. गुणवंतरावही तयार झाले, कारण त्यांना खात्री होती की धूळ पांढुर्ण्याची आहे.

त्या संध्याकाळी पुंडलिकरावांनी टँकर बोलावून वखारीपुढचा रस्ता शिंपून घेतला, ताडपत्री काढली, शेजारच्या भट्टीवाल्याला धूर करू नको म्हणून बजावलं. गुणवंतराव जावयाला घेऊन जीपनं आले. तिघांनी तारा पाहिला.

"साफ दिसून राहिला," पुंडलिकराव म्हणाले.

"तेवढाच दिसून राहिला," गुणवंतराव म्हणाले.

मग तिघं जीपमध्ये बसून सौंसरकडे निघाले. दर थोड्या अंतरावर जीप थांबायची, दोन्ही इवाई उतरायचे, कमरेवर हात ठेवून पश्चिमेकडे बघायचे आणि काही न बोलता पुन्हा बसायचे. कापसाच्या शेतातून घरी निघालेल्या बायकांनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, जमिनीची मोजणी चालू आहे. गौतम मागच्या सीटवरून परोपरीनं सांगत होता की धूळ ह्या रस्त्यावर नाही, पृथ्वीवरच नाही, फार दूर आहे.

"कितीक दूर?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"काका, आत्ता जो उजेड दिसतोय तो तिथून निघाला तेव्हा, सुमारे चारशे वर्षांपूर्वी, इकडे देवगडच्या गोंड राजाचं राज्य होतं."

पुंडलिकरावांचा चेहरा उजळला. "आयकलं का, इवाई? माल भरला तेव्हा ना तुम्ही होते ना मी. घट मागाची असन त गोंड राजाकडं मागा."

गुणवंतरावांनी ह्यावर बराच विचार केला. मुद्दा तसा बिनतोड होता. शेवटी ते म्हणाले, "पन निळा होता हे जावयाले कसं समजलं? तिथं त कोनी गेलं नाही."

गौतम म्हणाला, "प्रत्येक जातीच्या ताऱ्याच्या उजेडात काळ्या रेघा असतात, ठरावीक जागी. धूळ रंग बदलते, रेघा बदलत नाही. रेघांवरून जात ओळखायची आणि त्या जातीचा रंग किती निळा असतो ते बघायचं. जेवढा फरक, तेवढी धूळ."

हे दोन्ही इवायांना लगेच पटलं. संत्र्याचा रंग फसवतो, सालीवरचे बारीक ठिपके फसवत नाहीत, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. म्हणजे जावई खरं बोलत होता, आणि घट खरीच होती.

"अजून एक," गौतम उत्साहानं म्हणाला, "हा तारा पळतोय. जन्मला तिथून निघून जोरात पळत सुटलाय."

"फरार माल दिला?" गुणवंतराव म्हणाले.

सौंसर यायच्या आधीच तारा मावळला, त्यामुळे धूळ कुठल्या गावची ते ठरलंच नाही. उतरताना गौतमनं आणखी एक सांगून ठेवलं. तारा रोज खाली सरकतोय, काही दिवसांनी सूर्याच्या आड जाईल आणि मग दोन-अडीच महिने दिसणारच नाही.

"म्हनजे मालच राहनार नाही," गुणवंतराव म्हणाले. "पंच बसवा."

पंच म्हणजे यमुनाबाई. सौंसरच्या बाजारात तिच्याइतकं जुनं कुणी नव्हतं. नवरा लवकर गेल्यावर तिनं एकटीनं आडत चालवली होती आणि चांगल्या चांगल्या व्यापाऱ्यांना भर बाजारात रडवलं होतं. आता तिला कमी ऐकू यायचं आणि बोलणं लांबलं की झोप लागायची. पण घटीचा निकाल तिचाच, हे दोन्ही गावांना मान्य होतं.

गुणवंतरावांच्या अंगणात बैठक बसली. पुंडलिकराव कलाबाईला घेऊन आले, आणि कलाबाईनं कुणाला न विचारता हिमानीला सोबत आणलं. लग्नाआधी नवरी सासरच्या अंगणात आली म्हणून दोन-चार बायका कुजबुजल्या. कलाबाईनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्या आत चहा टाकायला निघून गेल्या.

गुणवंतरावांनी आपली बाजू मांडली. पुंडलिकरावांनी गोंड राजाची मांडली. गौतमनं धुळीची साक्ष दिली, ती जरा लांबली आणि यमुनाबाईचा डोळा लागला. मग दोन्ही इवाई आपापसांत सुरू झाले. जागेवरचा, पोच, ताडपत्री, टँकर, जिल्हा, सगळं निघालं. सौरभ मध्ये एकदा "बाबा, जाऊ द्या ना" म्हणाला, तर दोघांनीही त्याला एकदमच गप्प बसवलं. तेवढ्यापुरता दोघांचा सूर जुळला होता.

"मला एक विचारायचं आहे," हिमानी म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज आला म्हणून पुंडलिकराव बोलता बोलता थांबले.

"तारा कोणाले दिला होता?"

"तुलेच दिला, बाई," पुंडलिकराव म्हणाले.

"मग मले कोणी विचारलं का, मले कसा पाहिजे? मले आहे तसाच चालते, धुळीसकट. ताऱ्याचं झालं." ती जरा थांबली. "आता माझं सांगा. मी बी पांढुर्ण्याहून सौंसरले जाऊन राहिले. माझी वाटेतली घट कोणाकडं?"

गौतमनं तोंड उघडलं, पण जावई असूनही त्यानं ते मिटलं.

"उद्या माझा रंग उतरला, बोलणं कमी झालं, हसणं बंद झालं, त हे म्हणतीन, माल आला तेव्हा असाच होता. अन् बाबा, तुम्ही म्हणसान, आम्ही त चोख दिली होती. दोघांचं बी खरं राहीन. मग मी कोणाले विचारू? गोंड राजाले?"

पोरगी देताना आपण चार फळं जास्त टाकायच्या नादात होतो आणि मूळ मालाचंच बोलायचं राहून गेलं, हे पुंडलिकरावांना आता स्पष्ट दिसलं. त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतराव आपल्या दुपट्ट्याची दशी पिळत होते. त्यांनीही एक पोरगी गौतमच्या घरी पाठवली होती, आणि तिच्या घटीचा हिशेब त्यांनी कधी विचारला नव्हता. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

यमुनाबाई जागी झाली होती. कधी, ते कुणाला कळलं नाही. ती म्हणाली, "मोलाचा माल असन त काय करते व्यापारी?"

उत्तरही तिनंच दिलं.

"मालासंग आपला मानूस बसवते ट्रकात. पोचेपर्यंत डोयानं पाह्यते. मंग घटीचं भांडन राहत नाही. एवढं बी ध्यानात नाही अन् मोठे व्यापारी म्हनवता. बापानं जावं संग."

"नवरीसंग पाठराखीण जाते ना, यमुनाबाई," कलाबाई म्हणाली. "ते बाईमाणूस असते. आत्या जाते, मावशी जाते. बाप कुठं जाते?"

"मी जातो पाठराखीण," पुंडलिकराव म्हणाले.

हे वाक्यही तोंड मोठं म्हणूनच निघालं असं आधी सगळ्यांना वाटलं. मग त्यांचा चेहरा पाहून कुणी हसलं नाही. गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पुढे केला. दोघांनी त्याखाली हात घातले. ह्या वेळी पंजे कुणी दाबले नाहीत, नुसते धरले.

लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला पांढुर्ण्याला झालं. तारा केव्हाच दिसेनासा झाला होता आणि त्याचं नाव कुणी काढलं नाही. दुपारी निघायची वेळ झाली. हिमानी आईच्या गळ्यात पडून रडली, मग सवयीनं बापाकडे वळली तर बाप आधीच गाडीत जाऊन बसलेला, मांडीवर पाठराखणीची पिशवी, डोक्याला फेटा, चेहरा घामानं डबडबलेला. रडता रडता तिला हसू फुटलं. गौतम गाडीच्या खिडकीपाशी वाकून हळूच म्हणाला, "काका, तो आत्ता वरच आहे. सूर्याच्या बाजूलाच. उजेडामुळे दिसत नाही, एवढंच."

"असू द्या," पुंडलिकराव म्हणाले. "तो बी येऊन राहिला म्हना."

सौंसरला उंबरठ्यावर माप ओलांडून झालं आणि मग बायकांपुढे पेच पडला. पाठराखणीची ओटी भरायची असते, तिला लुगडं द्यायचं असतं. रीत सोडली तर नवरीला लागते, आणि धरली तर पुंडलिकरावांना लुगडं द्यावं लागतं. गुणवंतरावांच्या बायकोनं शेवटी डोळे मिटून रीत धरली. पुंडलिकराव पाटावर बसले, उपरण्यात तांदूळ, नारळ, हळकुंड घेतलं, हिरवं काठाचं लुगडं मांडीवर घेतलं आणि नाव घ्यायचा आग्रह झाला तेव्हा लाजून कलाबाईचं नाव घेतलं. पाठराखण इतकी नीट निभावलेली बाई सौंसरनं तोवर पाहिली नव्हती.

संध्याकाळी त्यांची गादी पुढच्या खोलीत घातली. समोरच्या गादीवर गुणवंतराव. दोघेही थकले होते, पण पुंडलिकराव आडवे होईनात. भिंतीला टेकून ते आतल्या घराकडे कान लावून बसले. आत बायकांचा गलका चालू होता, कुणीतरी नव्या नवरीची थट्टा करत होतं. मग हिमानी हसली.

हसली, पण पदर तोंडावर धरून हसली. नव्या घरात नवी सून हसते तसं, मापात. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. पुंडलिकराव मांडीवरच्या लुगड्याची घडी उगाच नीट करायला लागले. एका दुपारच्या प्रवासात एवढं झालं, आणि ट्रकात आपला माणूस बसवूनही झालं, असं त्यांच्या मनात आलं. पण बोलायचं काय आणि कुणाला, पोरीचं घर आता हेच होतं.

गुणवंतराव उठून बसले. त्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"सूनबाई, हे नाही चालत. साक्षगंधात भरलं होतं त्याच्यापेक्षा कमी भरून राहिलं."

आत एकदम सगळं शांत झालं. मग आधी एक खुदकन आवाज आला आणि त्याच्यामागून हिमानीचं ते हसणं, पदर सुटलेलं, सगळ्या घरातून फिरून पुढच्या खोलीत आलं आणि दारातून बाहेर रस्त्यावर गेलं. तिथून जाणारा एक माणूस चालता चालता थांबला.

"मोजून घ्या, इवाई," गुणवंतराव म्हणाले. "मागून तक्रार नाही पाह्यजे."

पुंडलिकरावांनी मान हलवली, लुगडं उशाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी पहिल्या बसनं ते पांढुर्ण्याला परत गेले.